बाबांसाठी बांधलेली खोली

औषधांच्या कारखान्यांत धूळमुक्त खोल्या बांधणं हा माझा धंदा. पूर्वी अशी खोली विटा-प्लास्टरने बांधायची म्हणजे महिनोन्महिने जायचे. आता सगळं आधी कागदावर ठरतं, भिंतींची पॅनेलं तयार होऊन येतात आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत बघता बघता खोली उभी राहते. फक्त आराखड्यात चूक चालत नाही. दाराची जागा चार बोटं हुकली तर अख्खी भिंत परत. माझी एकही भिंत कधी परत गेली नव्हती, आणि त्याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू?

बाबांनी शहाडला चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. ते पीठ छातीत बसलं ते कायमचंच. शेवटी दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. गिरणी बंद करायला लावून मी त्यांना टिटवाळ्याला माझ्या फ्लॅटवर आणलं, तर आमच्या चारी बाजूंना नव्या बिल्डिंगी उठत होत्या. सकाळी खिडकी पुसावी, दुपारी पुन्हा सिमेंटचा थर. बाबा खोकायला लागले की माझं डोकं फिरायचं. लोकांच्या गोळ्यांना कण लागू नये म्हणून दिवसभर मरमर करायची, आणि आपला बाप घरी सिमेंट खातोय!

एका साइटवर उरलेली पॅनेलं मालकांना विचारून आणली. दोन फिटर आणि मी, दोन रविवारांत बाबांच्या बेडरूमच्या आत दुसरी खोली उभी केली. धूळ साचू नये म्हणून कोपरे गोल. सांध्यांत सिलिकॉन. खिडकीवरही पॅनेल मारलं, कारण आमच्या खोल्यांना उघडणारी खिडकी नसते. वर फिल्टर, आणि गाळलेली हवा सतत आत ढकलणारा पंखा, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाणार, धूळ आत येणार नाही. बायको बघत उभी होती. म्हणाली, "अहो, खोली बांधताय की फ्रीज?" मी तिच्यावर खेकसलो.

आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात, की अशा खोलीत सगळ्यात जास्त कण माणूसच आणतो. केसांतून, कपड्यांतून, कातडीतून. म्हणून आराखडा करताना माणसं आधी ठरवायची, आत किती आणि किती वेळ. बाबांच्या दारावर मी कागद चिकटवला. एका वेळी एकच जण, हातपाय धुऊन, डोक्याला टोपी घालून, दहा मिनिटं.

तोवर रोज संध्याकाळी शहाडहून कोणी ना कोणी यायचं. गिरणीशेजारचे पंक्चरवाले काका तर नेमाने. दुकानाच्या फळ्या लावल्या की थेट टिटवाळा. खोली झाल्यावर आले तेव्हा मी त्यांना टोपी दिली. ती घालून ते खुर्चीच्या कडेवर बसले, काळे हात मांडीखाली दाबून. दहा मिनिटांनी मी दारावर टकटक केली. महिन्याभरात सगळ्यांचंच येणं थांबलं. मला बरं वाटलं. हवेतले कण मोजणारं यंत्र साइटवरून आणून लावलं, तर आकडा आमच्या कारखान्यांच्या तोडीचा.

खोकला खरंच कमी झाला होता. मी विचारायचो, "बाबा, कसं वाटतंय?"

"हवा फस्क्लास आहे रे," ते म्हणायचे. मग थोड्या वेळाने, "पण बाहेर काय चाललंय, काय कळत नाय."

मी त्यांना रेडिओ आणून दिला. तो त्यांनी फारसा लावला नाही. हळूहळू जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी फिल्टर बदलला. मला तेवढंच सुचलं, आणि आज त्याची लाज वाटते.

दिवाळीच्या आधी बाबा झोपेतच गेले. छातीने दगा दिला नव्हता, एवढं डॉक्टरांनी मला मुद्दाम सांगितलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पंक्चरवाले काका घरी आले. मला वाटलं, आता हा माणूस मला फाडून खाणार. त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"तू मनाला लावून घेऊ नको," ते म्हणाले. "मी रोज फोन करायचो ना त्याला. येऊ का विचारलं की म्हणायचा, डॉक्टरने बंदी केलेय रे, तो कागद पण त्यानेच लावायला लावला. पोरगा बिचारा भांडला डॉक्टरशी, म्हणाला माझ्या बापाला माणसं लागतात. पण डॉक्टर काय ऐकेना. पोराला बोल लावू नका, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं त्याने."

डॉक्टरांनी कुणालाच बंदी केली नव्हती. मी काकांना तसं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. अजूनही सांगितलेलं नाही.