समुद्रात बाकी होड्या: शून्य

तमाम जनतेस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मी संगणकाला नुसती अक्षरं शिकवली. धाकट्या डहाणूत मास्तर असताना समुद्रातून परतलेल्या होड्यांची मोजणी करणारा प्रोग्राम मी लिहिला. त्यात प्रत्येक आकड्याला नाव म्हणून नुसतं एकेक अक्षर: अ, ट, फ. वादळाच्या इशाऱ्याच्या दुपारी पडद्यावर आलं, 'समुद्रात बाकी होड्या: शून्य', आणि शोधाला निघालेली बोट थांबली.

"मग माझा नवरा कुठंय?" मागून एक कोळीण कडाडली.

घाबरून मी प्रत्येक अक्षराच्या जागी खरं नाव लिहिलं: गेलेल्या, परतलेल्या. सातवी शिकलेली ती बाई माझ्या खांद्यावरून वाचत होती. मला न दिसलेली चूक तिला क्षणात दिसली.

"ओ मास्तर, गेलेल्यातून गेलेल्याच वजा केल्यात! बोट सोडा आधी!"