आनंदाभाऊंचा निळा दगड

आमच्या शेजारचे आनंदाभाऊ साड्यांच्या लूमवर कारीगर. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या आमच्या गल्लीत बहुतेक सगळी खानदेशची माणसं. सुट्टीच्या दिवशी कुणी झोपतं, कुणी पत्ते खेळतं. आनंदाभाऊ मात्र हातोडी-छिन्नी पिशवीत टाकून खाणी हिंडायचे. काळ्या दगडाच्या पोकळीत चमकदार खडे सापडले की साडीच्या चिंध्यांत गुंडाळून घरी आणायचे. त्यांच्या सुमनबाई म्हणायच्या, "लोकांचे नवरे भाजी आणतात, आमचे धोंडे आणतात. एक दिवस त्यांनाच फोडणी घालते बघा."

प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली तेव्हा आनंदाभाऊ पुण्याजवळ वाघोलीला बहिणीकडे गेले होते. मेहुणा खाणीत कामाला. तिथे त्यांनी पांढऱ्या स्फटिकांवर बसलेली निळी फुलं पहिल्यांदा पाहिली. त्याला कॅव्हन्साइट म्हणतात. व्हॅनेडियम नावाच्या धातूमुळे तो रंग येतो आणि जगात फार थोड्या जागी हा खडा सापडतो, असं तिथल्या व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं. पण निघालेलं प्रत्येक फूल त्या व्यापाऱ्याच्या पेटीत जायचं. परत आल्यापासून भाऊंचं माझ्यापाशी एकच. "वहिनी, एक तरी आपल्या हाताने काढायचंय."

मग एका माघात, शिवरात्र तोंडावर आली असताना, त्यांच्या गावचा लोटू आला. तो सुरतेबाहेर कामरेजच्या पुढे एका खाणीत मजूर. सांगत होता, सुरुंग लावल्यावर कपार उघडली आणि आत निळं निळं काही दिसलं. कुणीतरी म्हणालं, नीळकंठ प्रगटला! नारळ फुटले, दुधाचा अभिषेक सुरू झाला, आणि एकाने भक्तीच्या भरात वर तेल-शेंदूरही थापला. महादेवाला शेंदूर चालत नाही, पण तिथे सांगणार कोण? काम थांबलं. शेठ म्हणाला, सोमवारी त्याच कपारीत सुरुंग लागेल, नाहीतर दुसरे मजूर आणतो. आणि मजूर कुणाला देवाजवळ फिरकू देईनात.

"भाऊ, तुम्ही तरी काही सांगा," लोटू म्हणाला. आनंदाभाऊंचं चित्त निळ्या शब्दावरच अडकलं होतं.

ते तडक माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही गुरवाच्या लेक. देव जागेवरून हलवता येतो का?"

येतो. आमच्या गावचं देऊळ नव्याने बांधलं तेव्हा माझ्या वडिलांनी देवाला विनवून कलशातल्या पाण्यात घेतलं होतं. देव पाण्यात आला की मग मागे राहतो तो दगड. मी म्हटलं, "देवाचं मी बघते, दगडाचं तुम्ही बघा."

रविवारी सकाळी निघालो. मी कलश, नारळ, तांदूळ, बेल, विड्याची पानं घेतली. सुमनबाईही निघाल्या. "हे कपारीतून पडले तर मलाच निस्तरायचंय."

खाणीत दहा-बारा बायामाणसं कपारीपुढे बसली होती. लोटूने दर्शनाला वाट करून दिली तसे आनंदाभाऊ चपला काढून आत वाकले आणि "अरे रामा!" म्हणून मागे आले. मोठ्या फुलावर शेंदराचा थर बसला होता. ते आता कामातून गेलं. पण खाली एका भेगेत बोराएवढं दुसरं फूल स्वच्छ राहिलं होतं.

"तेच आहे का पण?" मी विचारलं. "तांब्याचा दगडही निळा असतो म्हणता ना?"

भाऊंनी हिऱ्याच्या कारखान्यातल्या शेजाऱ्याचं भिंग आणलं होतं. बराच वेळ पाहिलं. मग लोटूला विचारलं, "रोज अभिषेक केला ना? तीर्थ कसं निघायचं? निळं?"

"नही भाऊ. दूध जसं पांढरं तसंच पांढरं."

"मग मोरचूद नाही. मोरचूद विरघळला असता." खाली पडलेला निळा कण त्यांनी वाटीत चुरडून त्यावर पिशवीतलं लिंबू पिळलं. फेस आला नाही. "एक तांब्याचा दगड लिंबाने फसफसतो. हा नाही. आणि बसलाय बघा कशावर, वाघोलीसारखाच पांढऱ्यावर. पक्कं नाव कॉलेजातले सर सांगतील, पण वहिनी, हे तेच दिसतंय."

त्यांचा हात छिन्नीकडे गेला तसा लोटू आडवा झाला. "हात नका लावू, भाऊ. देव शे तो! आम्हले पाप लागी."

"थांब रे," मी म्हटलं, "आधी देवाला विचारू."

कलशात पाणी भरलं, पानं लावली, नारळ ठेवला. कपारीला तांदूळ वाहून म्हटलं, "देवा, ही जागा उद्या राहायची नाही. यांच्या पोटाचा प्रश्न आहे. या पाण्यात ये, ही माणसं तुला जवळच बसवतील." डोळे मिटून नाम घेत राहिले. बायकाही हात जोडून होत्या. मग कलश उचलून लोटूच्या हातात दिला. "आता देव तुझ्याकडे. सांभाळून ने."

तो कलश छातीशी धरून खाणीच्या काठच्या कडुनिंबाकडे चालू लागला, आणि सगळी माणसं त्याच्या मागून गेली. तिथे एका काळ्या दगडावर ते पाणी घातलं. शेंदूर मात्र मी लावू दिला नाही, बेल वाहिला.

इकडे कपारीत आनंदाभाऊंची छिन्नी टिकटिक करत होती. पांढरा थर ठिसूळ, एक ठोका जोरात बसला असता तर फुलाचा चुरा झाला असता. सुमनबाई खाली पदर पसरून बसल्या.

"पडलं तर इथे पडू दे. हळू मारा हो. किती घाई!"

"तू गप बस."

"गप बसते. पण हळू मारा."

शेवटी तळहाताएवढा तुकडा सुटला आणि पदरातच पडला. काठाच्या दोन पाकळ्या गेल्या, बाकी फूल शाबूत. सुमनबाईंनी वाकून पाहिलं. "बाई गं," त्या म्हणाल्या, "मोराचा गळाच की हो."

भाऊ बाहीने डोळे पुसत होते. म्हणाले, धूळ गेली.

कॉलेजातल्या सरांनी यंत्राखाली तपासून तेच नाव सांगितलं. त्याआधीच, सोमवारी, सुरुंग उडाला होता आणि लोटूची माणसं कामाला लागली होती. त्या कपारीची खडी कुठल्या रस्त्याखाली गेली कोण जाणे. फूल आनंदाभाऊंच्या घरी कापसात ठेवलंय. पाहुणे आले की सुमनबाईच डबा उघडतात, आणि आधी बजावतात, "लांबून बघा. आमच्या ह्यांनी स्वतः काढलंय."