समोरच्या आजींचा डबा

आमच्या भाईंदर पश्चिमच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. समोरच्या गुजराती आजींकडून, म्हणजे आमच्या बांकडून, ढोकळा आला की त्याच ताटलीत आई घावन नाहीतर खोबऱ्याची वडी घालायची. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. ताटली पोचवायचं काम माझं. "बेस ने बेटा, चा पीने जा," म्हणत बा मला बसवून घ्यायच्या. गुजराती मला कुणी शिकवली नाही, त्या ताटलीपायी ती येत गेली. हे लक्षात यायला मात्र मला बत्तिसाव्या वर्षी स्पेनला जावं लागलं.

आमच्या कंपनीला स्पॅनिश ग्राहकांशी बोलणारं माणूस हवं होतं. मी हौसेनं हात वर केला, सहा महिन्यांची रजा घेतली आणि ग्रनाडातल्या एका भाषाशाळेत दाखल झाले. शेवटी तोंडी परीक्षा होती. पास झाले तर नवं काम, नाहीतर परत जुनं टेबल आणि त्यावर सगळ्यांचे टोमणे. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली यायची, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. वाक्य आधी मनात तपासून घ्यायचे, तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. पावसुद्धा बोट दाखवून आणायचे. चौथ्या महिन्यात बाईंनी स्वच्छ सांगितलं, अशानं तू पास होणार नाहीस. मला स्वतःचा इतका राग आला की चौकातल्या बाकावर बसून रडून घेतलं.

माझ्या खोलीच्या समोर एक आजी एकट्या राहायच्या. जिन्यात त्यांना माझे सुजलेले डोळे दिसले असावेत. संध्याकाळी त्यांनी काचेच्या डब्यातून मसुराची आमटी आणून दिली. तिला ना फोडणी, ना तिखट, पण गरम होती. मी डबा चाटूनपुसून संपवला. दुसऱ्या दिवशी तो घासला आणि हात अडला. रिकामा कसा द्यायचा? घरात पाव आणि दूध, बाकी ठणठणाट. सवयीनं चिमूटभर साखर टाकली, डबा आजींच्या हातात दिला आणि बोलावं लागू नये म्हणून पळाले.

तासाभरात बेल वाजली. दारात आजी, हातात तोच डबा, चेहरा पडलेला.

"माझी आमटी तू साखर घालून खाल्लीस?" त्यांनी विचारलं. "आवडली नव्हती तर सांगायचं होतंस."

म्हातारीचं मन दुखावलं होतं आणि ते सावरायला माझ्याजवळ मोडक्या स्पॅनिशशिवाय काही नव्हतं. वाक्य तपासत बसायला सवड नव्हती, मी बोलत सुटले. आई, बा, ताटली, साखर, सगळं सांगितलं. काल घडलेलं उद्यावर गेलं, बायकांचे पुरुष झाले, ढोकळ्याला मी पिवळा केक म्हटलं. बा मला माफ करोत. आजी दाराला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हणजे आता मलाही हा रिकामा देता येणार नाही?"

"नाही."

"मग हे थांबतं कधी?"

"आमच्याकडे अजून थांबलेलं नाही," मी म्हटलं.

पुढचे दोन महिने तो डबा थांबला नाही. माझ्याकडून शिरा, बटाट्याची भाजी, त्यांच्याकडून दालचिनी घातलेली तांदळाची खीर. दर वेळी त्या बसवून घ्यायच्या. मी बोलताना चुकले की म्हणायच्या, "आधी खा, चुका मग सांगते." तोंडी परीक्षेत वेळ संपली तरी मी थांबेना, शेवटी बाईंनाच मला आवरावं लागलं. पास झाले. लोकांना मी शाळेचं नाव सांगते, पण मला बोलतं केलं ते त्या आजींनी. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी डब्यात बदामाची बिस्किटं भरून दिली.

"आता हा परत कसा करू?" मी विचारलं.

"ते तू बघ," त्या म्हणाल्या. "रिकामा द्यायचा नाही, हे तूच मला शिकवलंस."

घरी आल्यावर आईनं अर्धी बिस्किटं बांकडे पाठवली. मग डबा धुतला, कोरडा केला आणि फडताळात ठेवण्याआधी त्यात चिमूटभर साखर टाकली.

"अगं, तो आता इथेच राहणार आहे," मी म्हटलं.

"दुसऱ्याचा आहे ना?" आई झाकण लावत म्हणाली. "तू परत जाशील तेव्हा खोबऱ्याच्या वड्या करून देईन. तोवर रिकामा नको."