कोयनेलचा घोडा

आमचे हे दवाखान्याच्या बागेत माळी. तेवीस वर्षं झाली. मोठी कात्री धार लावायला घरी आणत, पण मला कधी हात लावू दिला नाही. "ते तुझं काम नाही," एवढंच. मीही म्हणायची, घाला चुलीत तुमची कात्री!

गेल्या महिन्यात हे स्टुलावरून पडले, पाय मोडला, आणि त्याच दवाखान्यात पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी प्लास्टरमध्ये अडकले. खाली समोरच यांनी नऊ वर्षं खपून घडवलेला कोयनेलचा घोडा. कोयनेल म्हणजे कुंपणाला लावतात ते झुडूप. बारमाही हिरवं आणि वाढायला नुसतं उतावीळ. तीन आठवडे कात्री लागली नाही, तर घोड्याचं अस्वल झालं. हे दिवसभर ते बघायचे आणि राग माझ्यावर काढायचे. चहा गार, उशी उंच, सगळ्यात वाईट मी.

त्यात मुकादम येऊन सांगून गेला, "सोमवारी मशीनवाला येतोय. आकार ओळखू आला तर ठेवू. नाहीतर गुडघ्याएवढं सपाट."

रविवारी दुपारी हे म्हणाले, "तूच जा. मी वरून सांगतो." डोळ्यांत पाणी होतं. कशी नाही म्हणणार?

खाली गेले तर त्या झिपऱ्यांत तोंड कुठलं आणि शेपूट कुठली, काही कळेना. वरून हुकूम सुटले. "डावीकडचं भरपूर काढ! उजवीकडे हात लावू नकोस!" मी यांच्याकडे तोंड करून उभी. यांची डावी ती माझी उजवी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. हे ओरडले की मी घाबरून आणखी कापायची. थोबाड गेलं, मान गेली. शेवटी चार पायांवर एक गोळा उरला.

वर आले तर यांनी भिंतीकडे तोंड फिरवलेलं. मला रडू आलं आणि संतापही. तेवीस वर्षांत एकदा तरी शिकवायचं होतं!

सोमवारी मशीन सुरू झालं. मी आडवी उभी राहिले. मुकादम त्या गोळ्याभोवती फिरला. "वहिनी, हे आहे तरी काय?"

मी वर खिडकीकडे बघितलं. एकदा कुणी घोड्याला गाढव म्हणालं, तर हे त्या दिवशी जेवले नव्हते.

वरची खिडकी धाडकन उघडली.

"मेंढी आहे ती!" हे ओरडले. आवाज फुटला होता. "नऊ वर्षं मेंढीच आहे! कुणी हात लावाल तर याद राखा!"