नूरुद्दीनचं नाक

नूरुद्दीनला मी नीट ओळखत होतो, असं म्हणायची हिंमत होत नाही. जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, आम्ही काही वर्षं एका खोलीत राहिलो, एका टोपातला भात खाल्ला. पण घरी त्याच्यावर किती जण अवलंबून होते, पडल्या पडल्या तो कसला विचार करायचा, हे मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, तो बोलला नाही. डोळ्यांसमोर घडलं तेवढंच लिहितो, तेही जमेल की नाही कोण जाणे.

तो श्रीवर्धनकडचा. अत्तराच्या दुकानात गल्ल्यापुढे उभा असायचा. बाटलीचं बूच उघडलं की ऊद आसामचा की कंबोडियाचा, हे न बघता सांगायचा. खोलीत कुणी शिळी मासळी आणली तर दारातूनच ओळखायचा, आणि मग आमच्याच खोलीतल्या नदीमशी त्याचं वाजायचं, कारण आणणारा बहुतेक तोच.

सौदीकरणाचा फेरा त्या वर्षी दुकानांवर आला. गल्ल्यापुढे आता इथलाच माणूस हवा, म्हणून नूरुद्दीनच्या जागी हम्माद नावाचा सौदी पोरगा आला. म्हातारा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे होता तो मालक, वारला होता आणि कारभार त्याच्या मुलाकडे गेला होता. मुलगा म्हणाला, "आत अत्तर मिसळायला एक माणूस ठेवीन. गुरुवारी माझ्यासमोर वास ओळखून दाखव. जमलं तर इकामा वाढवतो, इथे राहशील. नाहीतर खलास."

नेमकं तेव्हाच नूरुद्दीनच्या पोटाचं औषध चालू होतं. डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून पाहिलं तर जखम निघाली, आणि ती करणारा जंतू. दोन अँटिबायोटिकं आणि ॲसिडची एक गोळी, दोन आठवडे. त्या गोळ्यांनी तोंड इतकं कडवट व्हायचं की पितळेचा चमचा चघळतोय असं वाटतं, म्हणायचा. त्यात त्याला सर्दी झाली. नाक पार बंद.

आमच्या खोलीत एक रीत होती. कायमचा गावी जाणारा माणूस आपली उरलेली औषधं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून जायचा. त्या वर्षी एवढे लोक गेले की डब्याचं झाकण बसेना. नदीमने त्यातून अर्धी कापलेली पट्टी काढली.

"घे रे. ही घेतली की घोडापण शिंकायचा थांबतो."

"घोड्याच्या पोटात जखम नसते," नूरुद्दीन म्हणाला. "नाव काय गोळीचं?"

"नाव पासपोर्टला लागतं. गोळीला कशाला?"

नूरुद्दीनने पट्टी खिशात घातली. मी म्हटलं, विचारून तरी घे. तो उठला, मीही बरोबर गेलो.

औषधाच्या दुकानात सौदी मुलगी होती. ती अरबीत बोलायची आणि तो मला आपल्या भाषेत सांगायचा. तिने आधी पोटाची औषधं मागून घेतली, मग ती पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली.

"म्हणते, यात दुखण्याचं जे औषध आहे ते जखमेला वाईट, रक्त येऊ शकतं. सर्दीच्या काही गोळ्या या अँटिबायोटिकबरोबर चालतच नाहीत. विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. अंग दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही दुसऱ्या कुठल्या गोळीत नाही ना बघून. नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि वाफ."

"वास कधी येईल, विचार," मी म्हटलं.

त्याने विचारलं. ती हळूच काहीतरी बोलली.

"सर्दी गेली की. कुठल्याच गोळीने त्याआधी येत नाही, म्हणते."

मग त्याने आणखी एक विचारलं, ते मला नंतर कळलं. गुरुवारपर्यंत पोटाचं औषध थांबवलं तर? निदान तोंड साफ होईल. ती म्हणाली, मध्येच सोडलंस तर जंतू मरायचा नाही आणि पुढे हेच औषध त्याला लागू पडायचं नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चाचा, तुम्ही काय म्हणता?"

पोट सांभाळ म्हणावं तर नोकरी जाते, नोकरी सांभाळ म्हणावं तर पोट. मी नुसता त्याच्याबरोबर चालत राहिलो. घरी येऊन त्याने पट्टी कचऱ्यात टाकली आणि वाफेसाठी पाणी ठेवलं.

गुरुवारी तो दुपारीच परत आला. चपला काढून जिन्याकडच्या भिंतीला टेकून बसला.

"नाक मोकळं होतं, चाचा. हवा जात होती. वास नव्हता." मग म्हणाला, "हम्माद मालकाच्या पाठी उभा राहून ओठांनी अत्तरांची नावं सांगत होता. चांगला पोरगा आहे. माझ्याने बघवेना. मी खाली बघितलं."

मालकाने दुसरा माणूस घेतला. नूरुद्दीनचे परतीचे कागद तयार होत राहिले आणि तो वेळच्या वेळी गोळ्या घेत राहिला, शेवटच्या गोळीपर्यंत. डब्यात टाकायला त्याच्याकडे काही उरलं नाही.

निघाला त्या सकाळी नदीम त्याची बॅग घेऊन खाली टॅक्सी थांबवायला गेला. मी गॅसवर आमटी ठेवून दाराशी उभा होतो. चार पायऱ्या उतरून तो थांबला आणि मान वर केली.

"चाचा, आमटी खाली लागतेय. गॅस कमी करा."

"करतो," मी म्हणालो.