मेंढक्याचं मुंडासं

मला चित्रकला येत नव्हती आणि मास्तरीण व्हायच्या परीक्षेला ती सक्तीची होती. म्हणून वडिलांनी शुक्रवार पेठेतल्या एका ड्रॉइंग मास्तरांना, आपल्या जुन्या स्नेह्यांना, गळ घातली. मास्तर एक चित्र समोर ठेवायचे आणि मी त्याची नक्कल करायची. माळरान, दोन बाभळी, मधे एक मेंढका. माझा मेंढका नेहमी भुतासारखा उभा राहायचा. मास्तर म्हणाले, नाकडोळ्यांच्या नादी लागू नको. ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं, खाली एक फराटा, हातात काठी, झाला माणूस. पांढरं मुंडासं मात्र रंगवायचं नाही.

"पांढरा रंग डबीत नसतो, पोरी. तिथं कागद कोरा सोडायचा. एकदा रंग लागला की पांढरं परत येत न्हाय."

तीस सालच्या उन्हाळ्यात शहरात लष्करी कायदा लागला. स्वराज्यवाल्यांची पांढरी टोपी दिसली की गोरे सोजीर माणसाला बडवत. वडिलांनी आपली टोपी तांदळाच्या डब्यात तळाशी घातली. मास्तर यायचे थांबले. वेळ जाईना म्हणून मी मेंढका काढत बसायचे, आणि एका दुपारी तो पहिल्यांदा जमला. उन्हातल्या माळावर त्याचं डोकं कसं लख्ख दिसत होतं. मी हरखून चित्र भिंतीला लावलं.

तेवढ्यात गल्लीत बूट वाजले. शेजारच्या घराची कडी खडखडली. मी चित्राकडे पाहिलं. ते मुंडासं नव्हतंच, मला ती टोपी दिसत होती. आता आत येतील, बघतील, वडिलांना ओढून नेतील. चित्र फाडावं तर फाडल्याचा आवाज बाहेर जाईल असं वाटण्याइतकी मी भ्याले होते. कुंचला मातकट रंगात बुचकळला आणि ते डोकं बुजवून टाकलं. घाईत थोडं आभाळही मळलं.

बूट आमच्या दारावरून तसेच पुढं गेले. आत कुणी आलंच नाही.

चार दिवसांनी मास्तर आले. बोडक्या डोक्याचे मास्तर मी कधी पाहिले नव्हते. कपाळावर टोपीच्या कडेची फिकट रेघ तेवढी होती. मास्तर बराच वेळ चित्र निरखत राहिले. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. खरं तर मला ती हवी होती.

"बरं केलंस," ते हळूच म्हणाले. "सात रस्त्याच्या चौकात सोजीर दिसले तवा मीबी तेच केलं."