पिशवीचं नाक

निघायच्या दिवशी पुण्याला नेणारी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हरचा चहाही पिऊन झाला होता आणि आम्ही मायलेकी परसात बसून पिशवी भरत होतो. गरम पाण्यातून काढून निथळलेलं गव्हाचं काड आई मूठमूठ दाबत होती आणि मी मधूनमधून मशरूमचं बी पसरत होते. काड शेजारच्या शालनकाकूंनी दिलेलं. आमच्या पलूसमध्ये उसाचं पाचट लागेल तेवढं मिळतं, पण मला गव्हाचंच हवं होतं, कारण नेटवर तसं लिहिलं होतं.

पिशवी मी डब्लिनहून आणली होती. जाड प्लॅस्टिकची, वरच्या बाजूला कागदासारखा एक पांढरा चौकोन. हा फिल्टर, यातून हवा जाते, पण दुसरी कुठली बुरशी आत शिरत नाही, असं मी आईला शिकवल्यासारखं समजावलं. तिनं चौकोनावरून बोट फिरवलं.

"म्हंजी हे त्याचं नाक म्हण की."

मशरूम खायची तिला काडीची हौस नव्हती. आमच्याकडे त्याला कुत्र्याची छत्री म्हणतात, आणि कुत्र्याची छत्री खायची पाळी आपल्यावर का यावी, हे तिनं आठवडाभर मला ऐकवलं होतं. पण मला मशरूम नकोच होते, बोलायला विषय हवा होता. आप्पा गेल्यापासून आई घरात एकटी आणि फोनवरचं आमचं बोलणं आटत चाललेलं. जेवलीस का? जेवले. थंडी आहे का? आहे. शेवटी ती म्हणायची, ठेवते, तुला काम असंल. तुमच्यातले जे बाहेर राहतात, त्यांनी हे 'ठेवते' ऐकलेलं असणार. ते ऐकल्यावर दुपारभर कशात लक्ष लागत नाही.

म्हणून एक पिशवी तिच्याकडे आणि तशीच एक माझ्याकडे. रोज एकमेकींना विचारायचं.

डब्लिनला आल्यावर मी माझी पिशवी भरून कपाटावर ठेवली. इथल्या आमच्या भाड्याच्या घरात फ्रिजचे कप्पेसुद्धा नावं लावून वाटलेले आहेत. शेजारच्या खोलीतली मुलगी समोर भेटली तर हसते, पण पिशवी किचनमध्ये आणू नकोस हे तिनं मेसेज करून कळवलं. आजारी पडले तर दाराशी कोण येईल, हा विचार मी इथे सहसा करत नाही. लंच ब्रेकला ऑफिसच्या जिन्यात बसून मी घरी फोन करायचे. आईकडे तेव्हा दिवेलागण झालेली असायची.

आणि काय सांगू, युक्ती लागू पडली. आई न विचारता बोलायला लागली. बुडाला पांढरं धरलंय, दह्यावानी. आता सगळी पांढरी झाली. कळं दिसाय लागल्यात. मी माझ्या पिशवीचे फोटो पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडेही नेमकं तेच झालेलं असायचं. व्हिडिओ कॉल मात्र जमत नव्हता, तिच्या कॅमेऱ्यात म्हणे पाणी गेलं होतं. माझी आई गावात मशरूम पिकवते, असं मी ऑफिसात मिरवून घेतलं.

संक्रांतीला तिळगूळ घ्या म्हणायला शालनकाकूंना फोन केला. बोलता बोलता त्या हसायला लागल्या.

"तुझी आई दाभण घिऊन पिशवीला भोकं पाडत बसली बघ. म्हणली, येवढंसं नाक, जीव गुदमरत आसंल त्येचा. मग काय, हिरवीगार झाली. लय वंगाळ वास. तू गेलीस आन् त्याच आठवड्यात उकिरड्यावर टाकली की."

मला हे ठाऊक असणार, असं धरून त्या पुढे हळदीकुंकवाचं सांगू लागल्या.

आधी राग आला. मग एकेक करून आईनं सांगितलेले सगळे मशरूम आठवले आणि जिन्यातच रडू फुटलं. ती खोटं बोलली याचं वाईट वाटलं नाही. आपल्या पोरीचा फोन उद्याही यावा म्हणून तिला एवढी खटपट करावी लागली, ते सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला आणि रोजच्यासारखंच विचारलं, आज किती आले?

"लय आल्यात आज. पंज्यायेवढं येकेक."

मग मी हटूनच बसले. केलंस काय त्यांचं? कांद्यावर परतलं. तिखट कुठलं घातलंस? आपलंच, कांदा-लसणीचं. आणि चव?

"मटणावानी," ती म्हणाली.

मला हसू आलं, तशी तीही हसली. मग शालनकाकूंची सून, आप्पांचा रेडिओ, लाइटचे हाल, असं कुठलं कुठलं निघत गेलं. माझा ब्रेक संपला तरी ती ठेवते म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, ही संपली की दुसरी भरू, तू आल्यावर. मी हो म्हटलं. रजा कधी मिळेल, हे मलाच माहीत नव्हतं.

तुझं होम कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी अजूनही पलूसच सांगते. तिथे एक पिशवी आहे आणि तिला बारमाही मशरूम येतात. मी विचारायची थांबले, तर त्या घरात आई एकटी आहे आणि इथे मी, हे दोघींनाही कबूल करावं लागेल. म्हणून मी रोज विचारते.